आरे-वारे रस्त्याला रात्री सायकल: दिवा कोणता घ्यावा?

खारावारा: रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळे, निघायचं पहाटे चारला. रस्त्याला दिवे नाहीत. दुकानात ‘10000 ल्युमेन’ (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) सुद्धा मिळतंय! नक्की किती पुरेत?

जांभ्याची_वाट: खोक्यावरचा आकडा सोडा, आत सेल कोणता ते विचारा. 3000 एमएएचच्या एका 18650 सेलमध्ये (बोटाएवढा, चार्ज होणारा लिथियम सेल) जेमतेम 11 वॉट-तास वीज मावते. 400 ल्युमेनला साधारण 4 वॉट लागतात, म्हणजे अडीच तास. त्याच एका सेलवर ‘1000 ल्युमेन, 5 तास’ लिहिलं असेल तर सरळ थाप. चढाला 200 पुष्कळ, सपाटीला 400. 800 ठेवा फक्त उतारासाठी. दोन सेलवाला घ्या, आणि झोत वरून कापलेला, म्हणजे वरच्या बाजूला उजेड न सांडणारा बघा. गोल झोताने समोरचा रिक्षावाला आंधळा होतो.

फ्रीव्हील: झोत बसवणंही तितकंच महत्त्वाचं. सायकल भिंतीपासून 5 मीटरवर उभी करा. दिवा 90 सेंमी उंच असेल तर झोताचा मध्य भिंतीवर 67-68 सेंमीवर पडू दे. मग तो रस्त्याला 20 मीटरवर टेकतो. ताशी 25 च्या वेगाला तेवढं अंतर तीन सेकंदांत संपतं, आणि डांबरावर बसलेल्या म्हशीला परावर्तक नसतो. उतारावर वेग आवरा. ओला रस्ता उजेड पुढेच फेकतो, त्यामुळे पावसात तोच दिवा निम्मा वाटतो.

खारावारा: पावसाला आयपीएक्स4 (पाणी किती अडवतो त्याचा दर्जा) चालेल का दादा?

फ्रीव्हील: ते शिंतोड्यांपुरतं. इथल्या पावसाला आयपीएक्स6 तरी हवं.

ओरिंग: पाण्यापेक्षा खारी हवा वाईट. चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण सैल झालं की आत ओल राहते, तशातच चार्जर लावला की पिना हिरव्या पडतात. घरी आल्यावर गोड्या पाण्यात पिळलेला फडका फिरवा, रात्रभर सुकू द्या, मगच चार्जिंग. सेल काढता येत असेल तर आट्यांना आणि ओ-रिंगला (पाणी अडवणारं रबरी कडं) सिलिकॉन ग्रीस. व्हॅसलिन नको, काही रबरं त्याने फुगतात. क्लॅम्पचा स्क्रूही स्टेनलेसचा घाला.

जांभ्याची_वाट: मागचा लाल दिवा सीटपोस्टवर, पण सीटखालच्या पिशवीने झाकला जात नाही ना ते दहा पावलं मागे जाऊन बघा. घोट्यांना परावर्तक पट्ट्या बांधाच. पाय वर-खाली होताना दिसले की मागच्याला सायकल आहे हे लगेच कळतं.