रॅन्समवेअर लागलेला सर्व्हर: प्लग काढायचा की आधी मेमरी घ्यायची?

रातपाळी: फाईल सर्व्हरवर रॅन्समवेअरचं एन्क्रिप्शन (खंडणीसाठी फाईली कुलूपबंद करणं) चालू असल्याचा ईडीआर (मशीनवर नजर ठेवणारं सुरक्षा सॉफ्टवेअर) अलर्ट आहे. आयटीवाले म्हणतात, प्लग काढा. क्रम काय ठेवावा?

सह्याद्री_एसओसी: प्लग अजिबात नको. ईडीआरमधूनच होस्ट आयसोलेट करा: मशीन चालू, नेटवर्क बंद. एन्क्रिप्ट करणारी प्रोसेस किल न करता सस्पेंड करा, म्हणजे एन्क्रिप्शनची किल्ली मेमरीत (रॅममध्ये) सापडायची थोडी तरी आशा राहते. व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) असेल तर मेमरीसकट स्नॅपशॉट; नसेल तर विनपीमेम या टूलने डंप (रॅमची पूर्ण प्रत), तोही बाहेरच्या डिस्कवर. रॅम ६४ जीबी तर डंपही साधारण तेवढाच, जागा आधी बघा. लगेच डंपचा हॅश (फाईल बदलली नाही हे दाखवणारा ठसा) काढून ठेवा.

लॉगवाला: मग लॉग. विंडोज लॉगमधल्या ४६२४ क्रमांकाच्या (यशस्वी लॉगिन) नोंदीत टाइप १० म्हणजे आरडीपी (रिमोट डेस्कटॉप), पण एनएलए (सेशन उघडण्याआधीच ओळख तपासणं) असेल तर त्याआधी टाइप ३ (नेटवर्क लॉगिन) दिसतो, तिथे बरेच जण फसतात. ७०४५ ही नोंद म्हणजे नवीन सर्व्हिस. ११०२ दिसला की लॉग कुणीतरी पुसलाय. वेळा यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळ) लिहा, नाहीतर साडेपाच तासांच्या घोळात टाइमलाइनची वाट लागते.

रातपाळी: डोमेन ॲडमिनचं (सगळ्या नेटवर्कचा ताबा असलेलं) खातं हल्लेखोराच्या हाती गेलं असेल तर?

केरबेरॉस_काका: केआरबीटीजीटीचा (डोमेनची लॉगिन तिकिटं ज्याच्या किल्लीवर चालतात ते खातं) पासवर्ड दोनदा बदला, मधे किमान १० तास सोडा, डीफॉल्ट तिकिटाचं आयुष्य तेवढंच असतं. घाईत लागोपाठ बदललात तर चालू सेवांचं ऑथेंटिकेशन कोसळतं. आणि सर्ट-इनच्या (भारत सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतं. अहवाल अर्धवट असला तरी पाठवा, बाकीचं मागाहून.