मदत हवी आहे: 49 दिवसांनी अपटाइम (बोर्ड सलग किती वेळ चालू आहे तो आकडा) शून्यावर येतो. बोर्ड रीसेट झाला की मिलिस() (सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन) उलटलं, हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

शेतातल्या विहिरीवर, मोटरच्या पेटीत आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड बसवला आहे. टाकीतलं पाणी बघून तो मोटर चालू-बंद करतो आणि एलसीडीवर अपटाइम दाखवतो. लाइट वरचेवर जाते म्हणून बोर्डाला वेगळी बॅटरी आहे. बॅटरी दगा देते का, मोटर सुरू होताना बोर्ड रीसेट होतो का, हे कळावं एवढ्यासाठीच अपटाइम हवा आहे.

मिलिस() 32 बिटांचं, त्यामुळे 49 दिवस 17 तासांनी ते पुन्हा शून्यापासून मोजतं. शेतावर रोज जाणं होत नाही. गेल्यावर '3 दिवस' दिसले, तर बोर्ड मध्ये बंद पडला होता की नुसता आकडा उलटला?

अनसाइन्ड वजाबाकी (ऋण न होणाऱ्या आकड्यांची, म्हणून आकडा उलटला तरी फरक बरोबर येतो) मोटरच्या विलंबासाठी नीट चालते. पण त्यातून वर्षभराचा अपटाइम कसा काढू? दर मिनिटाला ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहायचं म्हटलं, तर एका जागी 1,00,000 वेळा लिहिण्याचीच हमी; ती 70 दिवसांत संपेल. ईएसपी32 या दुसऱ्या बोर्डात 64 बिटांचा टायमर असतो, पण चालू बोर्ड बदलायचा नाही.

उत्तर:

दादा, वजाबाकी तीच ठेवा, फक्त सेकंद वेगळे साठवा. लूपमध्ये (सतत फिरत राहणाऱ्या भागात) 'आत्ता वजा मागचं', म्हणजे आत्ताचं मिलिस() वजा मागे साठवलेला आकडा, 1000 किंवा जास्त असेपर्यंत सेकंदात 1 आणि 'मागचं' मध्ये 1000 मिळवत राहा. 'मागचं = आत्ता' करू नका, उरलेले मिलिसेकंद दर वेळी गळतात. 32 बिटांत सेकंद 136 वर्षं पुरतात, 64 बिटांची गरजच नाही. ही मोजणी बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये मात्र टाकू नका. 49 दिवस कुणी बटण दाबलं नाही, तर एक अख्खी फेरी हरवेल.

तुमच्या खऱ्या प्रश्नासाठी ईईप्रॉम वापरा, पण फक्त सेटअपमध्ये: बोर्ड सुरू झाला की एक आकडा 1 ने वाढवायचा आणि तो एलसीडीवर अपटाइमशेजारी दाखवायचा. आकडा वाढला म्हणजे रीसेट झालाच. इतक्या कमी लिहिण्याने ईईप्रॉमला काही होत नाही.

वेळ मोजायला उनोवर क्रिस्टल नसून त्याहून कमी अचूक सिरॅमिक रेझोनेटर आहे. अर्धा टक्का फरक धरला तरी दिवसाला सात मिनिटं इकडेतिकडे होतात. अचूक वेळ हवी असेल तर डीएस3231 हे घड्याळाचं मॉड्यूल जोडा.

तपासायला 49 दिवस थांबू नका. सेटअपमध्ये इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारे संकेत) बंद करून, मिलिस() ज्यातून आकडा घेतं त्या टायमर0_मिलिस या व्हेरिएबलमध्ये 4294960000 भरा, इंटरप्ट पुन्हा चालू करा. सात सेकंदांत ते उलटेल. तेव्हा एलसीडीवरचे सेकंद पुढेच जात राहिले पाहिजेत.