मदत हवी आहे: धुतलेली लेटेक्सची उशी वाळतच नाही

अधीरा_२
उशी धुतली, तीन दिवस झाले. वरून हात लावला तर कोरडी, दाबली की गार लागते. आता कुबट वासही सुटलाय. लवकर वाळवायचा उपाय सांगा, आज रात्री लागणार आहे. आणि नवीन घ्यायची झाली तर कोणती? हिच्यावर तशीही मान आखडतेच.

टाचणी
निम्मी माहिती राहिली. अखंड ठोकळा आहे की आत तुकडे भरलेत? हाताने धुतली की मशीनमध्ये? पिळली का? सध्या कशावर ठेवली आहे? आणि झोपता कसे, कुशीवर की पाठीवर? त्याशिवाय नवी उशी कोणी कशी सुचवणार?

कापूसकोंड्या
कडक उन्हात टाका. दुपारपर्यंत खडखडीत होईल, वासही जाईल. उशा-गाद्यांना ऊन दाखवायलाच हवं.

रबरी_वही
उन्हात अजिबात टाकू नका. लेटेक्स म्हणजे रबराचा फेस, कापसाचा नियम त्याला लावून चालत नाही. रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्यांत दुहेरी बंध असतात. अतिनील किरण, ऑक्सिजन आणि ओझोन तिथेच घाव घालतात. आधी रंग पिवळा पडतो, मग वरचा थर ताठरतो आणि शेवटी बोट घासलं तरी रव्यासारखा भुगा पडतो. हेअर ड्रायर, इस्त्री, हीटर, कपडे वाळवायचं गरम यंत्र, सगळ्यांचं तेच. आणि झालेलं नुकसान भरून येत नाही.

कापूसकोंड्या
तासाभराच्या उन्हाने लगेच भुगा होत नाही हो. जंतू मरतात ते महत्त्वाचं नाही का?

रबरी_वही
एका तासाने होत नाही, कबूल. पण प्रत्येक तासाचं नुकसान साचत जातं. आणि ऊन पोचतं फक्त वरच्या थरापर्यंत. ओल आहे मधोमध. म्हणजे जिथे इलाज हवा तिथे काही नाही आणि जिथे नको तिथे भाजणं. ऊन द्यायचं तर खोळीला आणि अभ्र्याला द्या.

अधीरा_२
ठोकळाच आहे, बारीक छिद्रांचा. मशीनमध्ये धुतली, स्पिनही केली. एका कोपऱ्याला बोटभर चीर गेली आहे. फरशीवर टॉवेल घालून ठेवली आहे, पंखा चालू आहे. धुवायची नसते हे कुठे लिहिलेलं असतं?

रबरी_वही
आतल्या शिवलेल्या पट्टीवर असतं, पाण्याच्या टबावर फुली असते ती. चीर का गेली तेही बघा. समजा ६० × ४० × १२ सेंमीचा ठोकळा, म्हणजे जवळपास २९ लिटर आकारमान. त्यात रबर साधारण दोन किलो, बाकी सगळी हवा. त्या हवेची निम्मी जागा जरी पाण्याने घेतली तरी पाण्याचाच तेरा किलोचा भार होतो. तो भार स्पिनमध्ये गरगर फिरला की ओला फेस स्वतःच्या वजनानेच फाटतो. म्हणून ओली उशी एका कोपऱ्याला धरून उचलूही नका, खालून दोन्ही हातांचा आधार द्या.

आता वाळवायचं असं. कोरडा जाड टॉवेल अंथरा, उशी त्यावर आडवी, वर दुसरा टॉवेल. तळव्यांनी सरळ खाली दाबा, मधून सुरू करून कडांकडे जा. पिळायचं नाही, मुरडायचं नाही. टॉवेल ओला झाला की बदला. नव्या टॉवेलवर ओलीचा डाग उमटेनासा झाला की दाबणं थांबवा. मग फरशीवरून उचला, कारण खालची बाजू फरशीवर कोंडली आहे आणि कुबट वास तिथूनच येतो आहे. आडव्या केलेल्या कपड्यांच्या स्टँडवर किंवा जाळीवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. सावलीची खोली, पंख्याचा झोत कडेवर, दर चार तासांनी उलटी करा. एसीला ड्राय मोड असेल तर तो लावा. दोन-तीन दिवस जातील. आज रात्री तिच्यावर झोपू नका.

लोड_तक्क्या
खोळ आणि अभ्रा एकच ना? आमच्याकडे दोन्हीला खोळच म्हणतात.

टाचणी
इथे फरक करायला हवा. रबराला चिकटून असलेली, चेन लावलेली ती खोळ. तिच्यावर चढवतो तो अभ्रा. अभ्रा आठवड्याला धुवा, खोळ दोन-तीन महिन्यांनी. घाम आणि केसांचं तेल खोळीतच अडलं पाहिजे. तेल रबरात मुरलं की रबर फुगतं आणि सैल पडतं. उशी धुवावी लागण्याचं निम्मं कारण अभ्रा पातळ असणं हेच.

निवांत_कूस
एवढा खटाटोप कशाला? मेमरी फोम घ्या, मानेला बरोब्बर बसतो.

टाचणी
मेमरी फोमसुद्धा धुता येत नाही, तोही असाच पाणी पितो. शिवाय तो हात काढल्यावर सावकाश वर येतो, लेटेक्स लगेच उसळतं. झोपेत वारंवार कूस बदलणाऱ्याला लेटेक्स बरं. दुकानात ओळखायलाही हीच खूण: तळवा दाबून काढा, ठसा काही सेकंद राहिला तर ते लेटेक्स नाही.

चीकू_पान
ॲलर्जीचं कोणी बोललंच नाही. रबराच्या हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी ओठ सुजत असतील, धाप लागत असेल, तर नैसर्गिक लेटेक्स घेऊच नका. कारखान्यात धुतलेल्या फेसात प्रथिनं कमी होतात, पण धोका पत्करू नये. कृत्रिम लेटेक्समध्ये, म्हणजे स्टायरीन-ब्युटाडाईन रबरात, झाडाच्या चिकातली प्रथिनं नसतात. मात्र रबर पक्कं करायला वापरलेल्या रसायनांनी काहींच्या त्वचेला खाज येते, ती दोन्हींत येऊ शकते.

अधीरा_२
ॲलर्जी नाही मला. चिरेचं आणि वासाचं सांगा. ब्लीच चालेल का?

रबरी_वही
ब्लीच नाही, तेही रबर खातं. ड्राय क्लीनिंगही नाही, त्या द्रावकात रबर फुगतं. उशी पूर्ण वाळल्यावर कुबट वास राहिला तर चार-सहा दिवस सावलीत हवेवर ठेवा. छिद्रांत बॅटरी मारून बघा, आत काळे-हिरवे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. मग उशी टाकून द्या, नाक रात्रभर तिथेच असतं. चिरेला पाण्यात मिसळणारा लेटेक्स गोंद. दोन्ही बाजूंना पातळ थर, पांढरा गोंद पारदर्शक दिसेपर्यंत थांबायचं, मग दाबून जोडायचं. द्रावकाच्या उग्र वासाचा गोंद नको. ओल्या फेसावर कोणताच गोंद धरत नाही, म्हणून हे शेवटी.

वाळली की नाही हे हाताला कळत नाही. वजन करा. दर सहा तासांनी, लागोपाठ दोनदा तेच वजन आलं की वाळली. खात्रीसाठी लांब काडीला टिश्यू गुंडाळून मधल्या छिद्रांत घाला.

अधीरा_२
सकाळी २.९ किलो, आता २.४. पट्टीवर १.६ लिहिलंय. झोपते कुशीवर. गादी मऊ आहे. उशी १० सेंमीची.

टाचणी
मान का आखडते ते १० सेंमीतच दिसतं आहे. खांद्याच्या बाहेरच्या कडेपासून मानेच्या बुंध्यापर्यंत आडवं अंतर मोजा. समजा १५ आलं. मऊ गादीत खांदा ३ सेंमी रुतला तर भरायची पोकळी १२ ची. डोक्याच्या भाराने उशी दोनेक सेंमी दबते, म्हणून १४ ची घ्यायची. पाठीवर झोपणाऱ्याला ८ ते १० पुरते. पक्का आकडा नको असेल तर तुकड्यांची उशी घ्या, चेन उघडून मूठभर काढता-घालता येतात, फक्त अधूनमधून गुठळ्या मोकळ्या कराव्या लागतात.

निवांत_कूस
लेटेक्स कोणत्या पद्धतीने बनवलेलं घ्यावं, डनलॉप की तलालय?

रबरी_वही
डनलॉपची पद्धत १९२९ ची: चीक फेटून साच्यात ओतायचा आणि तापवायचा. जड कण खाली बसतात, म्हणून तळ थोडा घट्ट. तलालयमध्ये साच्यात निर्वात करून फेस फुगवतात, गोठवतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, मग तापवतात. तो सगळीकडे सारखा आणि बहुधा मऊ. कुशीवर झोपणाऱ्याने उंची आधी पाहावी, पद्धत नंतर. आणि "१००% लेटेक्स" म्हणजे १००% नैसर्गिक नव्हे, मिश्रण आहे का ते विचारा.

अधीरा_२
मोजलं, १४ आलं. म्हणजे १३ ची?

टाचणी
हो. नवी आल्यावर कुशीवर झोपा आणि कोणाला तरी समोरून बघायला सांगा: नाक, हनुवटी आणि छातीचं हाड एका रेषेत हवं. डोकं गादीकडे कललं तर उशी कमी पडते आहे, वर ढकललं गेलं तर जास्त. जुनी १.६ वर आली की इथे लिहा, चिरेचा फोटोही टाका.