‘किचन’ वाचनगटात घ्यायचंय: बैठका कशा पाडाव्यात? आणि कात्सुदोन जमेल का?

सातरस्ता_वाचक:
नमस्कार. सोलापुरातल्या आमच्या वाचनगटाने जपानी लेखिका बनाना योशिमोतो यांची ‘किचन’ ही कादंबरी घ्यायचं ठरवलंय. १२-१४ जण असतो, रविवारी संध्याकाळी दोन तास. प्रती इंग्रजी आहेत (मेगन बॅकस यांचा १९९३चा अनुवाद), बोलणं मराठीत. काहींच्या घरी तेलुगू, कानडी. तिघांच्या घरात यंदाच माणूस गेलंय. किती बैठका लागतील? नायिका मिकागेला घरी ठेवून घेणाऱ्या एरिकोबद्दल आधीच सांगावं का? आणि शेवटच्या बैठकीला कात्सुदोन (भातावर तळलेलं कटलेट आणि अंडं) करायचं मनात आहे, पण काही जण मांसाहार करत नाहीत.

पानोपानी:
तीन बैठका घ्या. पुस्तक सुमारे दीडशे पानांचं आहे, एका बैठकीत उरकायचा मोह होतो, पण तसं केलं की सगळं कालवलं जातं. ‘किचन’ आणि ‘फुल मून’ ही एकच कथा. तिसरी ‘मूनलाइट शॅडो’ पूर्ण वेगळी, तिच्यात मिकागे नाही. हे आधी सांगितलं नाही, तर निम्मे लोक तिच्या नायिकेत, सात्सुकीत, मिकागेला शोधत बसतात.

पहिली बैठक फक्त ‘किचन’वर. आजी गेल्यावर मिकागे फ्रिजशेजारी झोपते, तिथून सुरुवात करा. मोठ्यानं वाचायला बसचा प्रसंग घ्या. जुनं घर रिकामं करून परतताना बसमध्ये एक आजी नातीशी बोलत असते, ते ऐकून हिचं रडं अनावर होतं. खाली उतरून गल्लीत रडत असताना कुठल्याशा खिडकीतून वाफ येते, भांड्यांचा आवाज येतो. अंत्यविधी होऊन बरेच दिवस झालेले असतात. दुःख असं उशिरा आणि भलत्याच जागी गाठतं, हे कादंबरी तिथे दाखवते. तो प्रसंग चर्चेविना पुढे ढकलू नका.

‘तुमच्या घरी कोण गेलं’ असं कुणाला विचारू नका. वस्तूंबद्दल विचारा: फ्रिज, तो मोठा सोफा, एरिकोनं आणलेला ज्यूसर. ज्याला स्वतःचं सांगायचं असेल, तो वस्तूवरून आपोआप सांगतो. ज्याला नसेल, त्याला पुस्तकाआड राहता येतं.

दुसऱ्या बैठकीत ‘फुल मून’ मिकागे कामासाठी इझू या गावाकडच्या भागात जाईपर्यंत. तिसरीत इझू आणि शेवट. ‘मूनलाइट शॅडो’ ज्यांना हवी त्यांनी घरी वाचावी.

कंदील_आणि_वही:
सहमत, पण एरिकोचं लपवू नका. एरिकोचा मुलगा युइची स्वतःच सुरुवातीला मिकागेला सांगून टाकतो की आई एरिको पूर्वी त्याचे वडील होते. पत्नी गेल्यावर एरिकोनं बाई म्हणून जगायचं ठरवलं. तुम्ही ते झाकून ठेवलंत, तर ते रहस्य बनतं आणि ‘खरी आई कोण’ या वादात तासभर जातो. एरिको-युइचीचं, म्हणजे तानाबेंचं घर हे एका मृत्यूनंतर ठरवून पुन्हा उभं केलेलं घर आहे, म्हणून तर मिकागेला तिथे जागा होते. तो धागा सुटला, तर कादंबरी ‘एकट्या मुलीला आधार मिळाला’ एवढीच उरते.

दुसऱ्या बैठकीआधी मात्र त्या तिघांना नक्की कळवा: ‘फुल मून’ एरिकोच्या मृत्यूनेच उघडतं आणि तो खून आहे. घरी एकट्यानं वाचताना ते अचानक समोर यायला नको.

आचेवर:
कात्सुदोन, दोघांसाठी. मूळ पदार्थ डुकराच्या मांसाचा, चिकनचं चालेल. १२० ग्रॅमचे दोन तुकडे ठेचून एक सेंटीमीटर जाड करा. मीठ-मिरी, मग मैदा, अंडं, ब्रेडचा चुरा. १७० अंशाच्या तेलात पाचेक मिनिटं. आत कच्चं नाही ना, हे कापून बघा.

पसरट तव्यात १५० मिली पाणी (सुके शिताके मशरूम भिजवलेलं असेल तर उत्तम), दोन मोठे चमचे सोया सॉस, दीड चमचा साखर, अर्धा कांदा उभा चिरून. मिरिन (स्वयंपाकातली गोडसर जपानी वाइन) मिळाली तर दोन चमचे, मग साखर कमी. कांदा मऊ झाला की कापलेलं कटलेट ठेवा आणि तीन अंडी दोनदा ओता: आधी दोन तृतीयांश, अर्ध्या मिनिटानं उरलेली, झाकण, गॅस बंद. अंडी फार फेटली किंवा एकदम ओतली तर ऑम्लेट होतं. भात इंद्रायणीचा, बासमती मोकळा पडतो आणि रस खाली गळतो. शेंगाचटणी, काळं तिखट ताटात नको, चव गोडसर-खारटच राहू द्या.

सातरस्ता_वाचक:
आभार! शाकाहारींसाठी टोफू चालेल? अंडं खातात ते.

आचेवर:
टोफू नको. युइची ज्या सरायीत जाऊन राहतो, तिथे नुसतं टोफूचंच जेवण मिळतं, म्हणून तर मिकागे रात्री टॅक्सी करून त्याच्यासाठी कात्सुदोन नेते. सुरणाचे काप घ्या: एक सेंटीमीटरचे, चिंचेच्या पाण्यात उकडून, पुसून कोरडे करून, मग तसंच मैदा-अंडं-चुरा. ओले राहिले तर चुरा तेलात सुटतो.

१४ जणांचं घरून करून आणणार असाल, तर कटलेट तळून वेगळ्या, उघड्या ताटात आणा, बंद डब्यात वाफेनं मऊ पडतात. रस गरम करून अंडी तिथेच, दोघा-दोघांची घाला.

पानोपानी:
आणि जेवण वाचनानंतर. शेवटची पानं भुकेल्या पोटी वाचलेली बरी.