जिम अ‍ॅबट: आकडे आणि सहानुभूती

उजव्या हाताच्या पंजाविना जन्मलेल्या आणि बेसबॉलमध्ये पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू) म्हणून खेळलेल्या जिम अ‍ॅबट यांच्या नावावर ८७ विजय आणि १०८ पराभव आहेत, म्हणून त्यांना सहानुभूतीपोटीच संधी मिळत गेली असावी, हा काही जण काढतात तो निष्कर्ष मला पटत नाही. १९९२ मध्ये कॅलिफोर्निया एंजल्सकडून खेळताना त्यांनी नऊ डावांमागे सरासरी केवळ २.७७ धावा दिल्या, तरीही ७ विजयांसमोर १५ पराभव लागले, कारण त्यांच्या संघाला धावाच काढता येत नव्हत्या. आदल्याच वर्षी १८ सामने जिंकून ते सर्वोत्तम पिचरला दिल्या जाणाऱ्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तिसरे आले होते.

चेंडू टाकताना ग्लोव्ह उजव्या मनगटाच्या टोकावर टेकवायचा, चेंडू सुटताच डावा हात त्यात सरकवायचा आणि झेल घेतल्यावर ग्लोव्ह काखेत दाबून त्याच हाताने चेंडू काढून फेकायचा, हे सारे ते क्षणार्धात करीत. ४ सप्टेंबर १९९३ रोजी यँकीज संघाकडून खेळताना त्यांनी क्लीव्हलँड संघाला अख्ख्या सामन्यात एकही हिट (फलंदाजाला सुखरूप बेसवर पोहोचवणारा फटका) मिळू दिली नाही. ती काही फलंदाजांची दया नव्हे. १९९६ चा हंगाम (२ विजय, १८ पराभव) मात्र खरोखरच वाईट होता आणि कारकिर्दीचा एकूण हिशेब बिघडवण्यात त्याचा वाटा मोठा आहे.