अ‍ॅनी चॅपमन खून, १८८८ : मृत्यूची वेळ डॉक्टरांची धरावी की साक्षीदारांची?

शोधयात्री (प्रश्न)

८ सप्टेंबर १८८८ रोजी लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात, २९ हॅनबरी स्ट्रीट या घराच्या मागच्या अंगणात अ‍ॅनी चॅपमन या ४७ वर्षांच्या स्त्रीचा मृतदेह सापडला. हा खून पुढे ‘जॅक द रिपर’ या कधीही न सापडलेल्या खुन्याच्या नावाशी जोडला गेला. खुनी कोण होता याबद्दल मला येथे काही विचारायचे नाही. गेले काही महिने मी या प्रकरणाच्या मृत्युचौकशीतील जबान्या वाचून त्यांचा कालक्रम मांडतो आहे आणि एका ठिकाणी अडलो आहे.

चॅपमनजवळ रात्रीच्या खाटेचे पैसे नव्हते, म्हणून ती रात्री पावणेदोनच्या सुमारास डॉर्सेट स्ट्रीटवरील निवासगृहातून बाहेर पडली. सहाच्या थोडे आधी २९ हॅनबरी स्ट्रीटमध्येच राहणाऱ्या जॉन डेव्हिस याला तिचा मृतदेह दिसला. साडेसहाला तेथे पोहोचलेले पोलीस शल्यचिकित्सक डॉ. जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स यांनी सांगितले की मृत्यू होऊन किमान दोन तास, बहुधा त्याहून अधिक वेळ झाला असावा. म्हणजे खून साडेचारच्या आधीचा ठरतो. परंतु त्या घरात राहणाऱ्या एका बाईंचा मुलगा जॉन रिचर्डसन पावणेपाच ते चार-पन्नासच्या दरम्यान त्याच अंगणाच्या पायरीवर बसून बुटाचे टोचणारे चामडे कापत होता आणि तेथे मृतदेह नव्हता असे त्याने शपथेवर सांगितले. शेजारच्या २७ क्रमांकाच्या घरातील अल्बर्ट कॅडॉश याने सव्वापाचनंतर ‘नाही’ असा उद्गार ऐकला आणि तीन-चार मिनिटांनी कुंपणावर काहीतरी आदळल्याचा आवाज ऐकला. रस्त्याने जाणाऱ्या एलिझाबेथ लाँग हिने मात्र, साडेपाचचे ठोके पडल्यानंतर, घरासमोरच एका पुरुषाशी बोलणारी स्त्री पाहिली आणि पुढे शवागारात तीच चॅपमन असल्याचे ओळखले.

हे चौघेही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. अशा वेळी संख्येने अधिक असलेल्या साक्षीदारांच्या बाजूने जावे, की तज्ज्ञाच्या मताला अधिक वजन द्यावे?

सत्रन्यायालय

मी अनेक वर्षे फौजदारी वकिली केली आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या वाक्याशीच प्रथम थांबतो. साक्षीदारांची संख्या मोजून काहीही सिद्ध होत नाही. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १३४ ने हे स्पष्टच सांगितले होते की कोणतीही गोष्ट शाबीत करण्यासाठी साक्षीदारांची ठरावीक संख्या आवश्यक नाही. तसेच एखादा साक्षीदार एका मुद्द्यावर चुकला म्हणून त्याची सगळी जबानी टाकून देण्याची पद्धतही आपल्या न्यायालयांनी स्वीकारलेली नाही. आणि वैद्यकीय मत प्रत्यक्षदर्शी पुराव्याला पूर्णपणे अशक्य ठरवत असेल तरच ते त्याच्यावर मात करते, अन्यथा नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने वारंवार घेतली आहे. इंग्लंडमधील १८८८ च्या चौकशीला हे नियम अर्थातच लागू नाहीत. पण विचार कसा करावा, यासाठी ते उपयोगी पडतात.

माझ्या मते प्रत्येक साक्षीदाराने सांगितलेली वेळ त्याच्याकडे कोठून आली, हे आधी पाहावे. कॅडॉशने सांगितले की तो सव्वापाचला उठला आणि कामावर जाताना स्पिटलफील्ड्सच्या चर्चपाशी पोहोचला तेव्हा तेथील घड्याळात सुमारे पाच-बत्तीस झाले होते. हॅनबरी स्ट्रीटहून ते चर्च काही मिनिटांच्याच अंतरावर आहे. म्हणजे त्याने दुसरा आवाज पाच-वीस ते पाच-अठ्ठावीसच्या दरम्यान केव्हातरी ऐकला असे म्हणता येते, आणि या अनुमानाचे शेवटचे टोक एका घड्याळाला बांधलेले आहे. लाँगबाईंची वेळही घड्याळावरच आधारलेली आहे, पण त्यांनी ते पाहिले नव्हते. त्यांनी मद्यनिर्मितीच्या कारखान्याच्या घड्याळाचे ठोके ऐकले होते. दोन सार्वजनिक घड्याळे एकमेकांशी मिनिटामिनिटाने जुळत असतील असे गृहीत धरण्यास काहीच आधार नाही.

रिचर्डसनची गोष्ट वेगळी आहे, आणि मला तोच या प्रकरणाचा कणा वाटतो. त्याची वेळ दहा मिनिटांनी पुढेमागे झाली तरी त्याच्या जबानीचा अर्थ बदलत नाही, कारण त्याने सांगितलेली गोष्ट वेळेची नसून मृतदेह तेथे नसण्याची आहे. तो चुकला असेल तर घड्याळामुळे चुकलेला नाही. डोळ्यांसमोरचे त्याला दिसले नाही म्हणून चुकलेला आहे. हे किती संभवते, एवढाच प्रश्न उरतो.

मुंबईत १९९९ पर्यंत कॉरोनरचे, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचे, पद होते, त्यामुळे ही चौकशीची पद्धत आपल्याला अगदी परकी नाही. हॅनबरी स्ट्रीट प्रकरणाचे कॉरोनर विन बॅक्स्टर यांनी २६ सप्टेंबरला समारोप करताना साक्षीदारांच्या बाजूने कौल दिला आणि थंडी व रक्तस्राव यांच्या परिणामाचा अंदाज डॉक्टरांना नीट आला नसावा असे सुचवले.

वैद्यनोंद

वैद्यकीय बाजू थोडी स्पष्ट करते. डॉ. फिलिप्स यांना शरीर थंड लागले, फक्त पोटाच्या आत आतड्यांखाली थोडी उष्णता राहिली होती, आणि हातापायांत मृत्यूनंतर येणारी ताठरता ठळक नव्हती, पण सुरू होत होती. त्यांनी तापमापक वापरल्याचा उल्लेख त्यांच्या साक्षीत नाही. हाताच्या स्पर्शावरून वेळ ठरवणे आज कोणीही न्यायवैद्यक तज्ज्ञ मान्य करणार नाही. पोट उघडलेले, रक्त बरेच वाहून गेलेले आणि शरीर उघड्यावर पडलेले असताना त्वचा फार लवकर थंड लागते. ताठरतेचा मुद्दा अधिक अवघड आहे. तासाभरात ताठरता जाणवू लागणे नेहमीचे नाही, परंतु चॅपमनला फुप्फुसांचा आणि मेंदूच्या आवरणांचा आजार होता, शरीरावर उपासमारीच्या खुणा होत्या, आणि खंगलेल्या शरीरात ताठरता लवकर येते. म्हणून साडेपाचच्या सुमाराचा मृत्यू वैद्यकीयदृष्ट्या अशक्य नाही. तो थोडा अपेक्षेबाहेरचा आहे, एवढेच म्हणता येईल.

स्वतः डॉक्टरांनीही साक्षीत सांगितले होते की सकाळ बऱ्यापैकी थंड होती आणि रक्त गेल्यामुळे शरीर लवकर थंड झाले असेल. काही अभ्यासक असे मानतात की हा खुलासा ‘बहुधा त्याहून अधिक’ या शब्दांपुरताच होता आणि दोन तासांचा किमान आकडा त्यांनी सोडला नाही. मला ते वाचन पटत नाही, कारण थंडी आणि रक्तस्राव ही कारणे संपूर्ण अंदाजालाच लागू होतात.

पायरीपाशी

वरील दोन्ही उत्तरे मी आदराने वाचली, तरी रिचर्डसनवर इतका भार टाकण्याआधी त्याच्या जबानीतील दुबळ्या जागा नोंदवायला हव्यात. खुनाच्या दिवशी इन्स्पेक्टर जोसेफ चँडलर यांच्याशी बोलताना त्याने पायरीवर बसून चामडे कापल्याचे सांगितले नव्हते. आपण तेथे येऊन पाहून गेलो, इतकेच सांगितले होते. बसल्याचा तपशील नंतर आला. तळघराचे कुलूप पाहणे हे त्याचे काम होते, आणि तळघराचे दार पायऱ्यांच्या उजवीकडे होते. मृतदेह डावीकडे, पायऱ्या आणि कुंपण यांच्यामधल्या जागेत होता, आणि अंगणाचे दार बाहेर डावीकडेच उघडत असे. उभ्या उभ्या दार अर्धे उघडून उजवीकडे पाहणाऱ्या माणसाला डावीकडचे काहीच दिसले नाही, तर त्यात नवल नाही.

कॅडॉशनेही ‘नाही’ हा आवाज नेमका कोणत्या बाजूने आला हे खात्रीने सांगता येत नाही असे म्हटले होते. शिवाय त्या अंगणात खोकी बनवण्याचे काम चाले, त्यामुळे कुंपणावर काही आदळणे त्याला नवे नव्हते, आणि म्हणूनच त्याने डोकावून पाहिले नाही.

सत्रन्यायालय

‘पायरीपाशी’ यांचा आक्षेप योग्य आहे आणि मी तो मान्य करतो. परंतु तो एका गोष्टीवर अवलंबून आहे : रिचर्डसन बसला नव्हता, ही गोष्ट. तो बसला असेल, आणि त्याने पाय अंगणातील फरशीवर टेकले असतील, तर मृतदेहाचे डोके पायरीपासून अवघ्या सहा ते नऊ इंचांवर आणि पाय पुढे अंगणाकडे असताना ते न दिसणे मला जवळजवळ अशक्य वाटते. उजेडही फुटू लागला होता. पहिल्या घाईच्या विचारपुशीत तपशील राहून जाणे मी शेकडो खटल्यांत पाहिले आहे, आणि त्यातून खोटेपणा सिद्ध होत नाही. शिवाय कॉरोनरने त्याला घरी पाठवून तो चाकू चौकशीत आणायला लावला होता, म्हणजे बसल्याचा तपशील तपासाविना स्वीकारला गेला नाही.

आता लाँगबाईंबद्दल. त्यांनी सव्वापाचचे ठोके साडेपाचचे समजले असावेत, असे सांगून सगळे जुळवून घेण्याची प्रथा पडली आहे. ते शक्य आहे, पण त्या वेळेबद्दल ठाम होत्या आणि चूक झाल्याचा दुसरा पुरावा नाही. एका साक्षीदाराची वेळ आपल्याला हवी तेवढी सरकवायची आणि नंतर तिघांचे म्हणणे जुळते असे म्हणायचे, हे मला मान्य नाही. पोलिसांच्या बाजूने चीफ इन्स्पेक्टर डोनाल्ड स्वॉन्सन यांनीही १९ ऑक्टोबरच्या अहवालात लाँगबाईंच्या साक्षीकडे काहीशा संशयाने पाहावे लागेल असे लिहिले होते, मात्र त्यांनी डॉक्टरांची वेळ प्रमाण मानून तसे म्हटले होते. माझे कारण उलट आहे : रिचर्डसन आणि कॅडॉश यांच्यावर विसंबून उशिराची वेळ उभी राहते, तिला लाँगबाईंची गरजच नाही.

शोधयात्री

आपणा सर्वांचे आभार. लाँगबाई वगळल्यास त्यांनी सांगितलेला पाठमोरा, चाळिशी उलटलेला, परदेशी वाटणारा पुरुषही वगळावा लागेल. खुन्याच्या अनेक वर्णनांचा पाया तोच आहे, याकडे माझे आजवर लक्ष गेले नव्हते. माझ्या तक्त्यात मी आतापर्यंत प्रत्येकासमोर एकच वेळ लिहिली होती. ती खोडून मी आता मर्यादा लिहीत आहे : कॅडॉशचा दुसरा आवाज पाच-वीस ते पाच-अठ्ठावीस, आधार चर्चचे घड्याळ, रिचर्डसन चार-चाळीस ते पाच, आधार त्याचा स्वतःचा अंदाज, लाँग साडेपाच, आधार ऐकलेले ठोके, आणि पुढे प्रश्नचिन्ह. डॉक्टरांच्या रकान्यात ‘हाताच्या स्पर्शाने’ एवढेच लिहिले आहे.