जागा आधीच भरलेली आहे म्हणतात. मुलाखतीला जावं का?

तासिकावाली:
इतिहास विषय. सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा) आहे, पीएचडी आहे, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, नऊ वर्षं झाली. तासाला ९०० रुपये, तेही बिल निघेल तेव्हा. बुधवारी एका अनुदानित कॉलेजात मुलाखत आहे. सहायक प्राध्यापकाची एकच जागा. तिथलेच एक ओळखीचे सर काल म्हणाले, "मॅडम, नाव ठरलंय. उगाच खर्चात पडू नका."

मागच्या वेळी दुसऱ्या एका ठिकाणी पहाटे चारची एसटी धरून गेले होते. फायलीच्या चार स्पायरल प्रती, आणि १८७५ चे दख्खनचे दंगे हा पाठ तयार. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतंच का जाळली, तिथून सुरुवात करणार होते. पर्समध्ये खडूसुद्धा होता. आत विचारलं काय? "लांबून आलात. मिस्टर काय करतात? इथे राहायला याल का?" चार मिनिटांत बाहेर. इतिहासाचा एक शब्द निघाला नाही. फार लागलं ते मनाला.

माजी विषयतज्ज्ञ:
ताई, जा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पदवी, पीएचडी, अनुभव यांचे गुण फक्त छाननीपुरते. निवड मुलाखतीवरच होते, म्हणून तर ती चार मिनिटं अशी वापरता येतात. मी एका निवड समितीत विषयतज्ज्ञ होतो, तिथे सगळ्यांना दहा मिनिटं फळ्यावर शिकवायला लावलं. ज्याचं नाव आधीपासून कानावर होतं, त्याला पाठाला सुरुवातही करता येईना. मी भिन्नमत लिहून दिलं. ती जागा पुन्हा जाहिरातीत आली.

सांगलीकर:
नका जाऊ मॅडम. मला तर आकडाच सांगितला होता. वडिलांनी जमीन विकायची तयारी केली, मी नाही म्हणालो. आता क्लासेस घेतो. वर्गाची आठवण येते, खोटं कशाला बोलू.

तासिकावाली:
दादा, वाचून पोटात तुटलं. माजी विषयतज्ज्ञ सर, समितीने सांगितलं नाही तरी "मला पाठ घेऊ द्या" असं मी म्हटलं तर चालेल का?

माजी विषयतज्ज्ञ:
चालेल. बसल्या बसल्या, पहिल्या प्रश्नाआधीच म्हणा. नाही म्हणाले तर तसं इतिवृत्तात लिहा म्हणावं. निकालानंतर माहिती अधिकारात स्वतःचे आणि निवड झालेल्याचे गुण मागा. अनुदानित कॉलेज आहे, अर्ज करता येतो.

तासिकावाली:
जाते मग. पाठ सुप्याचाच घेईन.